उस्मान मिस्त्रींची घोडी

मिस्त्री, तुम्ही मला एकच प्रश्न तीनदा विचारलात. बारा-तेरा वर्षांत तीनदा. आणि तिन्ही वेळा मी एकच उत्तर दिलं. ते खोटं होतं. तुम्हाला जाऊन आज अकरावा दिवस. खरं उत्तर माझ्यापाशी तसंच पडून आहे आणि ज्याला ते द्यायचं तो माणूस वाळूखाली निजला आहे.

हे लिहून मी फाडून टाकू शकलो असतो. पण तुमचं नाव चारचौघांत खराब झालं, माझ्यामुळे, तेव्हा दुरुस्तीही चारचौघांतच व्हायला हवी. म्हणून आखातातल्या आपल्या मराठी मंडळींच्या हस्तलिखित अंकात हे देतो आहे. ‘बकरीच्या वजनानं ज्याचा सांधा निखळला तो मिस्त्री’ असं तुम्हाला म्हणणारे बरेच जण अजून इथे हवल्ली आणि खैतानच्या वस्त्यांत राहतात. त्यांनी वाचावं.

आपण उम्म सालेमच्या घरात राहत होतो तेव्हा गावाभोवतीची मातीची तटबंदी अजून उभी होती. बाहेरच्या चौकातल्या दोन खोल्या त्या अरब म्हातारीनं भाड्यानं दिल्या होत्या. एकीत तुम्ही, अमीनाभाभी आणि तान्ही झुलेखा, दुसरीत मी एकटा. तुम्ही किनाऱ्यावरच्या गोदीत गलबतं बांधायला जात होता, मी एका बांधकाम कंपनीच्या स्टोअरमध्ये खिळ्यांचे आणि पाइपांचे हिशेब लिहीत होतो. तुम्ही दाभोळच्या खाडीकडचे, मी राजापूरकडचा. तुमच्याहून बारा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, ‘काय काम करतोस?’ मी म्हटलं, ‘स्टोअर क्लार्क.’ तुम्ही भाभीकडे वळून म्हणालात, ‘म्हणजे दुसऱ्यानं ठोकलेले खिळे मोजतो.’

उम्म सालेमच्या तीन बकऱ्या होत्या. सकाळी गल्लीतून गुराखी हाक देत जायचा, घराघरातून बाया बकऱ्या बाहेर ढकलायच्या आणि सगळ्या गल्लीचा कळप तटबंदीच्या दरवाज्यातून वाळवंटात चरायला जायचा. दुपार कलली की तो परत यायचा आणि प्रत्येक बकरी न चुकता आपापल्या दारात शिरायची. म्हातारीच्या नूराला तर दार लावलेलं असलं की शिंगानं ठोकायची सवय होती. झुलेखाला डब्याची पावडर पचत नव्हती. प्यायली की ओकायची. नूराचं दूध तेवढं तिच्या पोटात ठरत होतं. उम्म सालेम रोज पहिला पेला भाभीच्या हातात द्यायची आणि मगच स्वतःच्या घरात दूध न्यायची.

मग म्हातारी पायरीवरून घसरली आणि तिचा गुडघा गेला. तिला उकिडवं बसता येईना. भाभीनं काढून पाहिलं, पण नूरा तिला जवळ येऊ देईना. तिला म्हातारीच्याच हाताची सवय होती. सालेम, म्हातारीचा मुलगा, म्हणाला, ‘आई, दूध आता डब्यात मिळतं. विकून टाक.’  म्हातारी नुसती झुलेखाकडे बघत राहिली. ते तुम्ही पाहिलंत.

त्या संध्याकाळी जेवताना तुम्ही म्हणालात, ‘म्हातारीला वाकवायची कशाला? बकरीला वर घ्यायची.’

‘बकरीला काय खुर्चीवर बसवणार?’ मी म्हटलं.

‘खुर्ची नाय. घोडी. लाकूड कापायला आम्ही घोडीवर ठेवतो ना, तशी बकरीची घोडी.’

भाभी म्हणाल्या, ‘बकरी घोडीवर चढली तर उद्या उंटावर बसायला मागेल.’

मला ती कल्पना फार आवडली आणि मी रात्रभर खपून नकाशा काढला. कंपनीच्या आखीव कागदावर, फूट-इंचांसकट, बाजूनं आणि वरून. चार पाय, वर फळी, पुढे मान अडकवायला दोन उभ्या पट्ट्या: एक पक्की, एक सरकती. मान आत घेतली की सरकती पट्टी ओढायची आणि वरून लाकडी खुंटी घालायची, म्हणजे बकरीला डोकं मागे काढता येत नाही. तोंडासमोर खाण्याची पेटी. सकाळी तुम्ही तो कागद उलटा धरून बराच वेळ पाहिलात.

‘हे काय?’

‘नकाशा.’

‘कशाचा, मशिदीचा?’

वाद झाला तो पायांवरून. मी पाय सरळ, काटकोनात काढले होते. तुम्ही म्हणालात, पाय बाहेर फाकलेले हवेत. मी म्हटलं, तुमच्याकडे गुण्या असेल तर मी काटकोन दाखवतो. तुम्ही हसलात. ‘गुण्या नाय माझ्याकडे. तीस वर्षं गलबतं बांधली. एका तरी गलबतात काटकोन बघितलास?’

‘हे गलबत नाही, मिस्त्री.’

‘बकरी चढली की हलणार. हलणारं सगळं गलबतच. तू बोटीवर उभा राहतोस तेव्हा पाय जोडून राहतोस काय?’

मी नमलो नाही. आपण त्या पायांवरून चार दिवस भांडलो. शेवटी तुम्ही माझा कागद घडी करून पागोट्यात खोचलात आणि हाताच्या वितीनं नूराला मोजलंत. मानेचं माप रुमालानं घेतलंत. उम्म सालेमला खजुराच्या खोक्यावर बसवून तिचं कोपर जमिनीपासून किती वर येतं ते काडीवर खूण करून ठेवलंत. गोदीतून सागवानाचे उरलेले तुकडे आणलेत. सामत्यानं भोकं पाडून गलबताला मारतात तसे लांब खिळे मारलेत, डोक्याखाली काथ्याचा पीळ घालून, म्हणजे पाणी आत जायला नको. पाणी कुठून येणार होतं, कुणास ठाऊक. पाय अर्थातच फाकलेले.

आणि मग तुम्ही जी चूक केलीत ती जगातल्या दुसऱ्या कुठल्याही सुतारानं केली नसती. तुम्ही घोडीला मुशी माशाच्या तेलाचे दोन हात दिलेत. गलबताच्या बुडाला देतात ते. त्या वासानं सगळी गल्ली नाक धरून बसली. नूरा दारातून आत आली, थबकली, आणि उलटी वळून दुसऱ्याच्या घरात शिरली.

‘आता हिला पाण्यातच सोडा,’ भाभी म्हणाल्या. ‘शीड मी शिवते.’

उम्म सालेम बुरख्याचं टोक तोंडात धरून हसत होती. ती पडल्यापासून मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. तुम्ही मात्र गंभीर. चार दिवस घोडी उन्हात टाकलीत, वाळूनं घासलीत, भिजवलेल्या खजुराच्या बिया फळीवर चोळल्यात. पाचव्या दिवशी नूरानं पेटीत तोंड घातलं, मग पुढचा एक पाय वर ठेवला, मग दुसरा. मागचे पाय वर यायला आणखी किती वेळ लागला ते आठवत नाही, पण आपण चौघंही श्वास धरून उभे होतो एवढं आठवतं. म्हातारी खोक्यावर बसली, हात पुढे केला, आणि कासेतली पहिली धार बादलीच्या पत्र्यावर वाजली. तिनं मान न वळवता तुम्हाला म्हटलं, ‘उस्ताद.’ गोदीत फक्त मुख्य कारागिराला म्हणतात ते. तुम्ही खाली बघत लाकूड तासायच्या वाकसाची धार तपासत राहिलात.

मिस्त्री, तो शब्द त्यानंतर फार दिवस तुमच्यापाशी राहिला नाही, हे मी विसरू शकत नाही.

महिन्याभरात गल्लीतल्या दोन बाया तसलीच घोडी मागायला आल्या. गोदीत काम आटत चाललं होतं. इंजिनाच्या बोटी आल्या होत्या, नवं गलबत बांधायला टाकणारे मोजकेच उरले होते, आणि कुणाला घरी पाठवायचं याची कुजबुज रोज होती. तुम्ही म्हणालात, ‘बघ सदा, समुद्रातली गलबतं संपली तर बकऱ्यांची बांधीन.’ थट्टेत म्हणालात, पण संध्याकाळी बसून दुसऱ्या घोडीचे पाय तासायला घेतलेत.

मलाही तुम्ही दूध काढायला शिकवलंत. म्हातारी लेकीकडे गेली तर कुणी तरी हवं म्हणून. नूरानं मला पहिले आठ दिवस लाथा दिल्या. तुम्ही मागे उभे राहून सांगायचात, ‘टाइपरायटर नाय तो. हळू. वरून दाब, खाली ये.’ आणि दूध झालं की रोज एकच वाक्य: ‘आधी बकरी, मग बादली.’ म्हणजे आधी खुंटी काढायची, बकरीला खाली उतरवायचं, आणि मगच दूध घेऊन आत जायचं. पेटीतलं संपलं की बकरी उतरायला बघणार, आणि मान अडकलेली असली तर लटकणार. ‘गलबत लागलं की आधी माणसं उतरतात, मग माल,’ तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचो, ‘कळलं हो, रोज काय सांगता.’

आता तो दिवस सांगतो. तुम्ही असेपर्यंत तो मी कुणालाच सांगितला नव्हता, माझ्या बायकोलाही नाही.

हिवाळा होता. झुलेखाला ताप होता म्हणून तुम्ही गोदीतून लवकर येऊन भाभीला आणि तिला दवाखान्यात घेऊन गेला होतात. उम्म सालेम आतल्या घरात. तिला ऐकू कमी यायचं हे तुम्हाला ठाऊकच आहे. जाताना तुम्ही म्हणालात, ‘सदा, नूराचं बघ.’ कळप परत आला, मी नूराला घोडीवर घेतलं, खुंटी घातली, दूध काढलं. अर्धी बादली भरली असेल, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पिकअपचा भोंगा वाजला. तेलकंपनीच्या स्टोअरमधल्या जागेसाठी मी अर्ज केला होता. तिथला एक ओळखीचा माणूस सांगायला आला होता की साहेब आत्ताच बोलावतो आहे, आत्ताच यायचं, उद्या तो नाही. मी बादली उचलली, माझ्या खोलीत ठेवली, फडकं टाकलं, शर्ट बदलला आणि धावलो. नूरा घोडीवरच होती. आधी बादली, मग काहीच नाही.

साहेबासमोर बसलो असताना मला ती एकदाही आठवली नाही. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. परतताना, जागा जवळजवळ मिळाल्याच्या आनंदात, मी पिकअपमध्ये गाणं म्हणत होतो.

दोन तासांनी दार उघडलं तेव्हा घोडी एका अंगावर आडवी पडली होती आणि नूरा पट्ट्यांमध्ये मान अडकून. तिनं उतरायचा प्रयत्न केला असणार, मागचे पाय मोकळ्या बाजूनं घसरले असणार. झटापटीत घोडी कलंडली आणि एक पाय सांध्यातून निखळला होता. मी खुंटी काढली. मान मोकळी केली. काही उपयोग नव्हता. मी खुंटी हातात धरून चौकात उभा होतो तेवढ्यात तुम्ही आणि भाभी आत आलात. झुलेखा भाभींच्या खांद्यावर झोपली होती.

तुम्ही काही विचारायच्या आधीच मी बोललो. ‘पाय निखळला, मिस्त्री. मी दूध ठेवायला आत गेलो, तेवढ्यात. एका मिनिटात.’

कुणी शिकवल्यासारखं ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर आलं. तुम्ही खाली बसलात. नूराच्या पोटावर हात ठेवलात आणि थोडा वेळ ठेवलात. मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटतंय. मग उठून माझ्या खोलीत गेलात, बादलीवरचं फडकं उचलून आत बघितलंत. मला वाटलं, मुलीपुरतं दूध आहे का ते बघताय. मग निखळलेल्या सांध्यावरून अंगठा फिरवलात. तोवर काठी टेकत उम्म सालेम बाहेर आली. तिच्या मागून सालेम.

‘काय झालं हे?’ सालेमनं विचारलं, माझ्याकडे बघून.

त्या आठवड्यात माझ्या नोकरीच्या कागदांवर सालेमची सही व्हायची होती. तो माझा जामीनदार होता. तुम्हाला ते माहीत होतं, मीच रोज सांगून तुमचे कान किटवले होते.

तुम्ही म्हणालात, ‘सांधा माझा. चूक माझी.’

मी गप्प राहिलो. एवढंच मी केलं, मिस्त्री. गप्प राहायला फार जोर लागत नाही.

मेलेली बकरी, सुरी न फिरलेली, कुणाच्या खाण्याची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण दोघांनी तिला तटबंदीबाहेर पुरलं. तुम्ही फावडं मारत होता. थांबलात आणि माझ्याकडे न बघता विचारलंत, ‘सदा, पाय आधी मोडला, की बकरी आधी उतरली?’

‘पाय आधी.’

‘बरं,’ तुम्ही म्हणालात आणि पुन्हा खणायला लागलात.

ज्या दोघींनी घोड्या सांगितल्या होत्या त्यांनी निरोप पाठवला की नको. उरलेल्या दोन बकऱ्या सालेमनं पुढच्याच आठवड्यात विकल्या. झुलेखाचं ओकणं पुन्हा सुरू झालं आणि भाभी तिला घेऊन पहिल्या बोटीनं गावी गेल्या. तुम्ही त्यांना सोडायला बंदरावर गेलात तेव्हा मी नव्या नोकरीवर रुजू झालो होतो. गोष्ट गोदीत पोचायला वेळ लागला नाही. कुणी तरी सगळ्यांसमोर म्हणालं, ‘उस्मान, तुझ्या सांध्याला बकरी पेलत नाही, समुद्र कसा पेलेल?’ हसले सगळे. नावं कमी करायची वेळ आली तेव्हा पहिलं नाव तुमचं होतं. मग तुम्ही लांब मीना अब्दुल्ला बंदरातल्या बांधकामावर शटरिंगच्या फळ्या ठोकायला गेलात. काँक्रीट सुकलं की उपटून टाकायच्या फळ्या. ज्या हातानं गलबतांचे सांधे घातले त्या हातानं.

तुम्ही माझ्याशी वागण्यात कधी तसूभर फरक केला नाहीत. मला तेव्हा वाटायचं, याला काही माहीत नाही म्हणून. आणि त्यामुळे मला आणखीच लाज वाटायची. माझे वडील वारले आणि मला जाता आलं नाही, तेव्हा तार आल्याचं कळून तुम्ही शुक्रवारी मीना अब्दुल्लाहून बसनं आलात. सांत्वनाचं एक वाक्य बोलला नाहीत. माझ्या टेबलावर पेन्सिलींचा डबा होता, तो ओढून घेतलात आणि दुपारभर एकेका पेन्सिलीला चाकूनं टोक करत बसलात. जाताना म्हणालात, ‘आता महिनाभर मोजायला हरकत नाय.’ मी त्या दिवशी पहिल्यांदा रडलो.

मला मुलगा झाला तेव्हा पाळणाही तुम्हीच केलात. बायको म्हणाली, पाय असे वाकडे का? तुम्ही म्हणालात, ‘तुझ्या नवऱ्याला विचार, त्यानं नकाशा काढलाय.’ त्या पाळण्याचा एक सांधा अजून हललेला नाही. मी कधी कधी सगळे झोपल्यावर तो दाबून बघतो.

भाभी गावी गेल्यावर तीन वर्षांनी तुम्ही खैतानात दोन खोल्यांचं घर घेतलंत, त्या आणि झुलेखा परत आल्या. दर ईदला मी यायचो. तुम्ही मला चहा द्यायचात, त्यात बकरीचं दूध असायचं, त्याचा वास मला लगेच कळायचा. तुम्ही म्हणायचात, ‘मागं ये, बकरी दाखवतो.’ मी म्हणायचो, पुढच्या वेळी, बस चुकेल. एवढ्या वर्षांत मी तुमच्या मागच्या अंगणात कधीच गेलो नाही. एका ईदला तुम्ही शेवया वाढता वाढता, जणू मीठ कमी झालंय का विचारावं तसं, विचारलंत, ‘सदा, त्या दिवशी पाय आधी मोडला की बकरी?’

‘पाय आधी,’ मी म्हटलं. ‘अजून तेच घेऊन बसलात? लाकूडच ते, निखळतं.’

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ‘बरं,’ म्हणालात. झुलेखा इंग्रजीत काहीतरी विचारत आली आणि विषय संपला. मी मनात म्हटलं, बिचारा अजून आपली चूक शोधतोय. मिस्त्री, मी तुमची कीव केली. मला माफ करा असं लिहायलाही मला आता जागा राहिलेली नाही.

तिसऱ्यांदा दवाखान्यात. तुमची छाती भरली होती, आवाज खोल गेला होता. मी संत्री घेऊन आलो होतो. भाभी नळावर गेल्या होत्या. तुम्ही बोट हलवून मला जवळ बोलावलंत. मला वाटलं पाणी हवंय.

‘सदा. पाय आधी... की बकरी?’

त्या वेळी खोलीत फक्त आपण दोघं होतो. सालेम नव्हता, सही नव्हती, नोकरी नव्हती. कागद कधीचे पक्के झाले होते. भीती कशाची होती ते आज मला सांगता येत नाही. बारा वर्षांचं खोटं एका वाक्यात मोडलं तर बारा वर्षांच्या दोस्तीचं काय होईल, असं काहीतरी असेल. मी म्हटलं, ‘पाय आधी, मिस्त्री. आता कशाला ते.’

तुम्ही डोळे मिटलेत. ‘बरं. उशी जरा वर घे.’

मी उशी वर घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

तिसऱ्या दिवशी जियारतीला मी खैतानला आलो. कुराण वाचून झालं होतं, माणसं पांगत होती. दाभोळकडची चार-सहा म्हातारी माणसं पुढच्या खोलीत बसली होती. त्यातल्या एकानं, वाईट हेतूनं नाही, सहज म्हटलं, ‘माणूस सोन्यासारखा. तो एक बकरीचा सांधा सोडला तर हात पण सोन्याचा.’ बाकीच्यांनी माना हलवल्या. मी तिथेही गप्प होतो.

भाभी दारात आल्या. डोळे सुजले होते, पण आवाज रोजचाच. ‘सदाभाऊ, जरा मागं येता? बकरी सकाळपासून ओरडते हाय. रोज तेच काढायचे तिचं दूध. माझा हात धरत नाय ती.’

या वेळी बस चुकेल म्हणता आलं नाही. मी मागच्या अंगणात गेलो.

पत्र्याच्या सावलीत घोडी होती. फाकलेले पाय, सागवान, काथ्याच्या पिळावर बसलेली खिळ्यांची डोकी. मुशीच्या तेलाचा वास नव्हता. बाकी सगळं तेच, फक्त एक गोष्ट वेगळी. खुंटीच्या डोक्याला एक दोरी बांधली होती, आणि दोरीचं दुसरं टोक बादलीच्या कडीला.

मी ती दोरी हातात धरून उभा राहिलो. समजायला मला वेळ लागला नाही. मी स्टोअर क्लार्क असलो तरी एवढं समजतं. बादली घेऊन चार पावलं गेलं की दोरी ताणणार. दोरी ताणली की खुंटी बाहेर. बकरी सुटल्याशिवाय दूध घेऊन कुणाला जाताच येणार नाही, भोंगा वाजला तरी.

ज्या माणसाला वाटतं की सांधा निखळला, तो सांधा पक्का करतो. तो खुंटीला दोरी बांधत नाही.

तेव्हा मला तुमचा हात दिसला, नूराच्या पोटावर. तुम्ही तिचं अंग किती गार पडलंय ते बघत होतात. आणि बादली. ताज्या दुधावर फेस असतो, एका मिनिटापूर्वी काढलेल्या दुधावर असायलाच हवा. फडकं उचलून तुम्ही बघितलंत, फेस कधीच विरला होता, आणि बाहेर येऊन सालेमला म्हणालात, सांधा माझा.

‘ही घोडी कधीची, भाभी?’

‘मी गावावरनं आले तेव्हा होतीच. मी म्हटलं, झुलेखा आता मोठी झाली, बकरी कुणासाठी? तर म्हणाले, असू दे. मग म्हटलं, आणि ही दोरी कशाला, तुम्ही काय विसरता?’ भाभींनी पदर डोळ्यांना लावला आणि त्यातल्या त्यात हसल्या. ‘तर म्हणाले, सदा येईल कधी दूध काढायला. त्याच्यासाठी.’

मग मी भाभींना सगळं सांगितलं. भोंगा, शर्ट, पिकअपमधलं गाणं. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. तुम्ही त्यांना यातलं काही सांगितलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. तीन वर्षं त्या तुमच्याशिवाय गावी राहिल्या होत्या, त्या एका संध्याकाळपायी. मला वाटलं, आता त्या मला जा म्हणतील. त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, ‘पुढं बसलेत त्यांना सांगा. मला नको, त्यांना सांगा.’

‘सांगतो.’

‘आधी दूध काढा. तिला त्रास होतोय.’

मी बकरीला घोडीवर घेतलं, खुंटी घातली, खोक्यावर बसलो. हात विसरले होते. वरून दाब, खाली ये. टाइपरायटर नाही. धार लागली. बादली भरत आली तसा फेस वर आला, पांढरा, काठापर्यंत. मी तो बघत बसलो. मग उठलो आणि बादली घेऊन पुढच्या खोलीकडे निघालो, जिथे ती माणसं बसली होती. चौथ्या पावलाला दोरी ताणली. मागे खुंटी खटकन निघाली आणि बकरीची चार पावलं जमिनीवर उतरल्याचा आवाज आला.

मी मागे वळून पाहिलं नाही. दारात बादली खाली ठेवली आणि त्या सगळ्यांसमोर तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

बकरी आधी, मिस्त्री. पाय नंतर मोडला. सांधा तुमचा पक्का होता.